गाजर गवतावरचे पट्ट्यापट्ट्याचे भुंगे: ठेवायचे की फवारून टाकायचे?

बालाघाटचा_शेतकरी

राम राम मंडळी. बार्शीकडं आमचं रान आहे, खाली सोयाबीन आणि तूर, वरच्या अंगाला थोडा पडीक माळ आणि त्याला लागून गावचं गायरान. यंदा पाऊस वेळेवर झाला आणि त्याच्याबरोबर गाजर गवत असं माजलंय की बांधावरून चालताना कमरेला लागतं. दरवर्षी बायका लावून उपटून काढतो पण मजुरी परवडत नाही, आणि उपटणाऱ्यांच्या हातापायाला खाज सुटते, अंगावर पुरळ उठतं, त्यामुळे आता कुणी यायला तयार होत नाही. तणनाशक मारून बघितलं, वरचं जळून जातं आणि पुढचा पाऊस पडला की त्याच जागेवर बारकी रोपं दाट उगवून येतात.

आता मुद्द्याचं. ओढ्याकडच्या बांधावर परवा बघितलं तर गाजर गवताच्या पानांची नुसती चाळण झालीय, काही झाडांना तर शेंडाच राहिला नाही, काड्या उभ्या आहेत. जवळ जाऊन बघितलं तर तुरीच्या दाण्याएवढे भुंगे, पांढरट पिवळट पाठ आणि तिच्यावर तपकिरी उभे वेडेवाकडे पट्टे. पानं उलटी केली तर खाली पिवळी बारीक अंडी, शेंड्यात आळ्या. फोटो काढलेत पण मोबाईलवरून इथं चढत नाहीयेत.

चुलते म्हणतात हे किडे आज गवत खातायत उद्या सोयाबीनवर येतील, पंप आणतो आणि सगळं फवारून टाकतो. शिवाय रब्बीला वरच्या तुकड्यात सूर्यफूल करायचं ठरलंय, आणि कृषी दुकानात एकानं सांगितलं की हे भुंगे सूर्यफूल खातात, पूर्वी त्यावरून मोठा गोंधळ झाला होता. मी ऐकून आहे की हे भुंगे सरकारनंच गाजर गवतासाठी आणले. खरं काय आहे? आणि चांगले असतील तर गायरानात नेऊन सोडता येतील का? ज्यांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी सांगा, लवकर सांगितलं तर बरं, कारण पंप दोन दिवसांत येईल.

कीटकवेडा

दादा आधी पंप थांबवा, बाकी सगळं नंतर बोलू.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा झायगोग्रामा बायकलरॅटा आहे, आपल्याकडं मेक्सिकन भुंगा म्हणतात तोच. मी कीटकशास्त्रात शिकलोय आणि हा किडा अनेक पावसाळे जवळून बघतोय. 1983 ला तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला, तिथं बंद जागेत चाळीसएक वेगवेगळ्या वनस्पतींवर ठेवून तपासला की हा दुसरं काय काय खातो, आणि 1984 च्या पावसाळ्यात मोकळ्या रानात सोडला. गाजर गवत मूळचं तिकडचंच, मेक्सिको आणि आजूबाजूच्या भागातलं, तिथं त्याला खाणारे किडे आहेत, रोग आहेत, म्हणून ते आटोक्यात राहतं. आपल्याकडं नुसतं गवत आलं, त्याचे शत्रू तिकडंच राहिले. पुण्यात 1955 साली त्याची ठळक नोंद झाली आणि तिथून पुढं काही दशकांत अख्ख्या देशभर पसरलं, कारण गुरं तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा अगदीच नाइलाज झाला तर खाते, आणि एक मोठं झाड 10 ते 25 हजार बिया टाकतं. त्या बिया मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. तुम्ही तणनाशक मारल्यावर जी रोपं उगवली ती ह्या साठ्यातली.

आता भुंगा काय करतो ते सांगतो म्हणजे तुम्हालाच कळेल कुठं त्याचा उपयोग आहे. मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते, आठवड्याच्या आत आळी बाहेर येते आणि ही बारकी आळी आधी पानाकडं जात नाही, ती शेंड्यात आणि पानांच्या बगलेत घुसते, जिथून नवा फुटवा आणि कळी निघते तिथं. खरं काम इथं होतं. मोठं पान खाल्लं तर झाड दुसरं काढतं पण कोंबच खाल्ला तर फूल लागत नाही, आणि फूल नाही तर बी नाही. तुम्ही उद्या सकाळी पाच-दहा झाडांचे शेंडे बोटांनी उघडून बघा, आत बारक्या आळ्या आणि भुशासारखी विष्ठा दिसेल. आळी मोठी झाली की पानांवर येते, मग खाली उतरून मातीत जाते, तिथं कोष करते आणि भुंगा होऊन वर येते. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो, म्हणजे एका पावसाळ्यात तीनचार पिढ्या निघतात. पाऊस संपला, थंडी पडली की मोठे भुंगे मातीत शिरून झोपतात ते थेट पुढच्या जूनच्या पावसाला बाहेर.

म्हणून जून जुलैमध्ये भुंगे मोजकेच असतात आणि गवत मात्र जोरात वाढतं, लोकांना वाटतं काही उपयोग नाही. ऑगस्ट सप्टेंबरला त्यांची संख्या वाढते तेव्हा असं चाळण झालेलं दिसतं. बंगळूरलासुद्धा सोडल्यावर पहिली काही वर्षं फार फरक दिसला नव्हता, नंतर एकदम मोठ्या पट्ट्यात गवत बोडकं झालं.

सोयाबीन तूर ह्यांना धोका नाही. तुम्ही सोयाबीनवर अळीसाठी फवाराल तेव्हा मात्र वाऱ्याची दिशा बघा, औषध बांधावर गेलं की हे भुंगे पहिले मरतील.

वऱ्हाडी_रान

भाऊ मी जरा उलटं सांगतो. आमच्या इकडं हे भुंगे लय वर्षांपासून हायेत, कुणी आणून सोडले नाहीत, आपोआप आले. गवत कमी झालं का? नाही झालं. सप्टेंबरमध्ये पानं खाऊन टाकतात, रस्त्याच्या कडेचं गवत काळं पडतं, दिसायला लय भारी दिसतं, पण तोवर निम्म्या झाडांचं बी खाली पडलेलं असतं. आणि कालव्याच्या कडेला, पाटाच्या पाण्यावर जे गवत डिसेंबर जानेवारीत उगवतं त्याला हात लावायला एक भुंगा नसतो, सगळे जमिनीत झोपलेले. त्यामुळं भुंगा आला म्हणून विळा खुंटीला टांगू नका एवढंच म्हणणं हाये. मारू नका, पण त्याच्या भरोशावर बसू नका. आमच्या गावात दोन-तीन जणांनी भुंग्यावर सोडून दिलं आणि त्यांच्या वावरात कपाशीच्या ओळीत गाजर गवत शिरलं.

बालाघाटचा_शेतकरी

पंप थांबवलाय, चुलत्यांना कीटकवेडा यांचं उत्तर वाचून दाखवलं. शेंडे उघडून बघितले, आळ्या आहेत, सांगितलं तसंच. पण सूर्यफुलाचं कुणी बोललं नाही, चुलते त्यावरच अडून बसलेत. दुकानदार खोटं बोलतोय का?

निवृत्त_मास्तर_कृषी

खोटं बोलत नाही, पण अर्धं सांगतोय. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो, त्या काळात ह्या विषयावर आमच्याकडं बरीच विचारणा व्हायची म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल.

सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातली आहेत, त्यामुळे शंका येणं स्वाभाविक होतं. 1990 च्या सुमारास कर्नाटकात काही शेतांत हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले, पेपरात बातम्या आल्या, शेतकरी घाबरले, आणि केंद्रानं चौकशी समिती नेमली. पुढं काही काळ हे भुंगे सोडण्याचं काम थांबवलं होतं. मग तपासात एक फार बारकी गोष्ट कळली. गाजर गवत फुलात असतं तेव्हा त्याचे परागकण वाऱ्यानं उडून शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर बसतात, आणि भुंग्याला त्या परागांच्या वासाचवीनं वाटतं की हे आपलंच खाणं आहे, म्हणून तो ते पान कुरतडतो. पराग नसलेलं पान दिलं तर त्याला गोडी नाही. बांधावरचं सगळं गवत भुंग्यांनी खाऊन संपवलेलं असतं तेव्हा भुकेलेले भुंगे शेजारी भटकतात, तेव्हाही असं होतं. पण नुसत्या सूर्यफुलावर त्यांची पिढी धड वाढत नाही, म्हणून ते सूर्यफुलाची कीड ठरले नाहीत.

तुम्ही रब्बीला सूर्यफूल करताय, म्हणजे ऑक्टोबरात पेरणी. ते पीक जोमात येईल तोवर थंडी सुरू होईल आणि भुंगे जमिनीत जायला लागलेले असतील, त्यामुळे तुम्हाला धोका आणखी कमी. तरी मनाच्या समाधानासाठी एक करा, सूर्यफुलाच्या तुकड्याला लागून जो बांध आहे तेवढ्यातलं गाजर गवत फुलाआधी उपटून टाका, म्हणजे परागच उडणार नाही. भुंगे माळावर आणि गायरानात राहू देत.

ह्याच निमित्तानं दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण बाहेरून किडा आणला म्हणजे डोळे मिटून सोडला असं लोकांना वाटतं. गाजर गवताच्या खोडात गाठी करणारा एक पतंग आहे, एपिब्लेमा, ऑस्ट्रेलियात तो सोडलेला आहे आणि तिथं चांगलं काम करतो. तो 1985 ला आपल्याकडंही आणला होता. बंगळूरला तपासताना दिसलं की तो कारळ्यावर वाढतो, तेच आपलं कारळं, खुरासणी, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो आणि डोंगराळ भागातला आदिवासी शेतकरी ज्याच्यावर तेलाचं पीक म्हणून जगतो. ऑस्ट्रेलियात कारळं हे महत्त्वाचं पीक नाही, आपल्याकडं आहे. तो पतंग मोकळा सोडला नाही, आणलेली सगळी पैदास नष्ट केली. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे आणि तो कुणाला माहीत नसतो, कारण जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही.

जुन्या लोकांना विचारा, फड्या निवडुंगाच्या जाळ्या कुठं गेल्या. श्रीलंकेतून 1926 ला एक पांढऱ्या कापसासारखा किडा आणला, चिरडला की लालभडक रंग निघतो, कोचिनीलच्या जातीचा, आणि दक्षिण भारतातली निवडुंगानं गिळलेली हजारो एकर जमीन पाचसहा वर्षांत मोकळी झाली. त्याच्याही आधी 1795 मध्ये रंगासाठी म्हणून ब्राझीलहून असाच एक किडा आणला होता, तो भलत्याच जातीचा निघाला, रंग काही धड मिळाला नाही पण दुसऱ्या एका निवडुंगाचा फडशा पडला. म्हणजे हे शास्त्र आपल्या देशात फार जुनं आहे. आणि घाणेरीवर मात्र आजवर कितीतरी किडे आणून बघितले, पानं खाऊन टाकतात, ती पुन्हा फुटते. सगळीकडं यश येतंच असं नाही.

रानातली_ताई

दादा तुम्ही खाजेचं लिहिलंय म्हणून लिहिते, बाकी सगळे भुंग्यावर बोलतायत पण उपटणाऱ्या बायकांचं कुणी बोलत नाही. आमच्याकडं बचत गटातल्या एका बाईला ह्या गवतानं इतका त्रास झाला की मानेवर आणि पापण्यांवर चट्टे आले, उन्हात गेली की वाढायचे, डॉक्टरांनी सांगितलं गवताजवळ फिरकू नका. ज्यांना एकदा ॲलर्जी बसली त्यांना नंतर थोडा संपर्कही पुरतो. म्हणून उपटायचंच असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, आणि फूल यायच्या आत उपटायचं, पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना, मुळासकट येतं. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना हे काम देऊच नका, मजुरी जास्त दिली तरी नको. गुरांनी चुकून खाल्लं तर दुधाला कडवट वास येतो, ते आम्ही बघितलंय.

उपटलेलं फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात शेण घालून कंपोस्ट करा, चांगलं होतं. फुलावर आलेलं मात्र कंपोस्टमध्ये टाकू नका, खत नीट कुजलं नाही तर तेच बी तुम्ही स्वतःच्या हातानं शेतात पसरवाल.

आणि एक गोष्ट आम्ही करतो, टाकळा. गावाकडच्या रस्त्याच्या कडेला आणि पडक्या जागेत टाकळ्याचं बी फेकतो, पावसाच्या आधी. टाकळा दाट उगवतो, गाजर गवताची सावलीत वाढच होत नाही. कोवळ्या पानांची पावसाळ्यात भाजी होते हा वरचा फायदा, बायका स्वतःहून राखतात मग.

कीटकवेडा

ताई टाकळ्याचं अगदी बरोबर सांगितलंत, भुंगा आणि टाकळा दोन्ही एकत्र असले की गाजर गवताला सावरायला वेळ मिळत नाही. भुंग्यानं पानं खाल्ली की ऊन खाली जातं, तिथं टाकळा असला तर ती जागा तो धरतो, नसला तर पुन्हा गाजर गवताचंच रोप येतं. काही जण टाकळ्याऐवजी कॅसिया युनिफ्लोरा पेरायला सांगतात, तोही गाजर गवताला दाबतो, पण तो स्वतः बाहेरचा आहे आणि पुण्याच्या आसपास टेकड्यांवर आता त्याचंच रान झालंय. मी तरी टाकळाच सांगेन.

वऱ्हाडी भाऊंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, एक भर घालतो. रानात, पिकाच्या ओळीत भुंग्याची वाट बघायची नाही, तिथं खुरपं आणि कोळपं. भुंगा हा माळ, गायरान, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ ह्यांच्यासाठी, जिथं मजूर लावणं कुणालाच परवडत नाही आणि जिथून दरवर्षी तुमच्या रानात बी येतं. कालव्याकडेचं हिवाळी गवत त्याच्या आवाक्यात नाही, ते थंडीतच हातानं काढावं लागतं, कमी असतं तेव्हा.

मुळाकाठ

विषय थोडा बाजूला नेतोय माफ करा, पण हे वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडं पुण्यात नदीत जलपर्णी दरवर्षी येते, मशिनं लावून काढतात, डास होतात, पुन्हा येते. जलपर्णीवरचा भुंगा असतो असं ऐकलंय, तो का सोडत नाहीत?

निवृत्त_मास्तर_कृषी

असतो. निओकेटिना नावाचे दोन सोंडे, म्हणजे तोंडाला सोंड असलेले बारके भुंगे आहेत, 1982-83 ला आणले, बंगळूरच्या काही तळ्यांत त्यांनी दोन-चार वर्षांत जलपर्णी साफ केली, मणिपूरच्या लोकटाक तळ्यातही उपयोग झाला. केरळात साल्व्हिनिया ह्या पाण्यावर तरंगणाऱ्या तणावर ह्याच पद्धतीनं दुसरा सोंडा सोडला आणि कुट्टनाडची भातखाचरं आणि कालवे मोकळे झाले.

पण ही सगळी स्थिर पाण्याची उदाहरणं आहेत. नदीत पहिल्या पुराला जलपर्णी आणि तिच्यावरचे सोंडे दोन्ही वाहून जातात, पुन्हा सुरुवात शून्यापासून. मशिननं काढता तेव्हाही सोंडे काठावर टाकल्या जाणाऱ्या ढिगात जातात. आणि पाण्यात सांडपाणी एवढं असतं की सोंडा एक पान खाईपर्यंत झाड दोन काढतं. सांडपाणी थांबल्याशिवाय तिथं किड्याकडून अपेक्षा ठेवणं चूक आहे, माझं स्पष्ट मत आहे. गावतळी, पाझर तलाव, बंद खाणी इथं मात्र जरूर करून बघावं.

बालाघाटचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार, चुलते आता पंपाचं नाव काढत नाहीत, उलट काल तेच ओढ्यावर भुंगे बघायला गेले होते. गायरानासाठी सरपंचांशी बोललोय, ते म्हणाले करा. आता शेवटचं सांगा, ओढ्यावरून उचलून गायरानात न्यायचे कसे, किती आणि कधी? आणि टाकळ्याचं बी यंदा मिळेल का?

कीटकवेडा

आत्ताच न्या, पाऊस आणि गवत दोन्ही आहे तोवर. सकाळी लवकर जा, भुंगे सुस्त असतात, हातानं किंवा छत्री उलटी धरून झाड झटकलं की पडतात. प्लास्टिकच्या बरणीत गाजर गवताचे ताजे शेंडे घालून ठेवा, झाकणाला भोकं पाडा किंवा तोंडाला कापड बांधा, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी सोडा. शिफारस हेक्टरी 500 ते 1000 मोठ्या भुंग्यांची आहे. सगळ्या गायरानात दोन-दोन चार-चार फेकू नका, नर-मादी एकमेकांना सापडत नाहीत. दोन-तीन जागा ठरवा जिथं गवत कोवळं आणि दाट आहे आणि तिथंच सगळे सोडा, पुढं ते स्वतः पसरतात. ओढ्यावरचे सगळे उचलू नका, तिथं पैदास चालू राहू दे.

सोडलेल्या जागा खुणा करून ठेवा आणि तिथं ह्या वर्षी तणनाशक, कीटकनाशक, जाळणं काहीही नको. मार्चमध्ये लोक गायरान पेटवतात ते थांबवता आलं तर बघा, आणि तिथली माती नांगरू नका, भुंगे वरच्या थरातच झोपलेले असतात. कमी पडले तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, जबलपूरला तण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे तीही हे भुंगे वाढवून देते आणि दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह करते, शाळेतल्या पोरांना दाखवायला तो आठवडा चांगला.

रानातली_ताई

टाकळ्याचं बी दुकानात शोधू नका दादा, तुमच्याच शिवारात रस्त्याकडेला असणार. दिवाळीनंतर शेंगा वाळून तपकिरी होतात, फुटायच्या आत तोडा, पोत्यावर वाळवून काठीनं बडवा, बी कोरड्या डब्यात ठेवा. मे संपताना, वळवाचा एखादा पाऊस झाला की गायरानात फेकायचं, आणि फेकायच्या आधी तेवढ्या जागेतलं गाजर गवताचं वाळकं खोड काढून माती जरा खरडून घ्या, नाहीतर बी वरच राहतं आणि मुंग्या उचलून नेतात.